खेळ कुठे संपतो?

'आमच्या काळी असे नव्हते!' हे वाक्य प्रत्येक पिढी पुढच्या पिढीला ऐकवते. आजोबा विटी-दांडू आणि कंच्यांची आठवण काढून ते म्हणत. वडील हुतूतू आणि लगोरीची आठवण काढून म्हणत. आता नवल असे, की व्हिडिओ गेम खेळत मोठी झालेली माणसेही तेच म्हणू लागली आहेत. ज्या खेळांपायी त्यांनी घरच्यांची बोलणी खाल्ली, त्याच खेळांच्या आठवणीने ती आज उसासे टाकतात. 'कसले हे मोबाईलवरचे खेळ! खेळ म्हणजे आमचा मारिओ, आमचा कॉन्ट्रा, आमचा मुस्तफा!'

विद्यार्थी मित्रांनो, मीही याच पिढीतला आहे. मला ते खेळ आवडत आणि अजूनही आवडतात. पण आवडणे वेगळे आणि चांगले ठरवणे वेगळे. लहानपणी खाल्लेली बोरे मोठेपणी नेहमीच जास्त गोड वाटतात. त्यात बोरांचा गुण किती आणि बालपणाचा किती, हे कोण सांगणार? म्हणून जुने खेळ आणि नवे खेळ आपण एकाच तराजूत घालून पाहू.

आमचे बोरी अरब हे यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातले गाव. कापूस आणि सोयाबीन पिकवणारा हा मुलूख. अशा गावांत मागच्या शतकाच्या अखेरीस व्हिडिओ गेम दोन वाटांनी आला. पहिली वाट घरातल्या टी.व्ही.ची. टी.व्ही.ला एक लहानसा डबा जोडायचा, त्यात कॅसेट घालायची आणि हातात बटणांची पट्टी धरून बसायचे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली जे यंत्र काढले, त्याची नक्कल म्हणजे आपल्याकडचे बहुतेक डबे. कॅसेटवर '९९९ खेळ' असे छापलेले असे. प्रत्यक्षात पाच-दहा खेळच नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. कॅसेट चालली नाही, की तिच्या तोंडाशी फुंकर मारायची, हा सगळ्यांचा ठरलेला इलाज. ज्याच्या घरी असा डबा, त्याच्या घरी ईदच्या दिवशी मुलांची जत्रा भरे.

दुसरी वाट शहरातल्या पार्लरची. तिथे कपाटाएवढी यंत्रे ओळीने उभी असत. एक-दोन रुपयांचे नाणे टाकले, की पडदा जागा होई. गावातली मुले यवतमाळला काही कामाने गेली, की परतीच्या एस.टी.चे पैसे बाजूला ठेवून उरलेली चिल्लर तिथे रिकामी करत.

त्या यंत्रांत एका खेळाचे राज्य होते. जपानच्याच कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. त्याचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. अमेरिकेतील चित्रकार मार्क शुल्ट्झ यांच्या चित्रकथांवर तो आधारलेला होता. पण हे लांबलचक नाव आपल्याकडे कोणी घेतलेच नाही. त्या खेळात चार पात्रे होती. त्यांपैकी पिवळ्या टोपीच्या, सर्वांत चपळ पात्राचे नाव मुस्तफा. बस्स! देशभरातल्या मुलांनी सबंध खेळालाच 'मुस्तफा' म्हणायला सुरुवात केली. यंत्रासमोर उभा असलेला मुलगा गणेश असो की गफ्फार, प्रत्येकाला मुस्तफाच व्हायचे असे. त्याच्यावरून भांडणे होत, आणि ती 'एकदा तू, एकदा मी' या करारावर मिटत. परदेशात बनलेल्या, परक्या भाषेतल्या एका खेळाला आपल्या मुलांनी आपल्या तोंडात बसणारे नाव दिले आणि तो आपला करून टाकला. एका मुसलमान नावाचा वीर सर्वांचा लाडका झाला, आणि त्यात कोणाला काही वेगळे वाटले नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता जुन्या खेळांचे गुण पाहू.

पहिला गुण काटकसरीचा. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ सालचा खेळ अवघ्या ४० किलोबाइट जागेत मावलेला होता. आज तुम्ही मोबाईलने एक साधा फोटो काढता, त्याला याच्या कितीतरी पट जागा लागते. इतक्या थोड्या जागेत डोंगर, ढग, झुडपे, शत्रू, संगीत सारे बसवायचे होते. म्हणून कारागिरांनी एक युक्ती केली. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचा आकार एकच ठेवला, फक्त रंग बदलला. लाखो मुलांनी तो खेळ खेळला, पण फार थोड्यांच्या हे लक्षात आले. कापड कमी असले, की चांगला शिंपी जास्त विचार करून कात्री चालवतो, तसेच हे.

दुसरा गुण सोबतीचा. 'कॉन्ट्रा' या खेळात दोघे मिळून लढत. त्यात धबधब्याचा एक टप्पा होता. दोघांना दगडांवर उड्या मारत वर चढायचे असे. एक जण घाई करून एकटाच पुढे गेला, की पडदा त्याच्याबरोबर वर सरके आणि मागे राहिलेला साथीदार मरे. मग मरणारा खऱ्याखुऱ्या कोपराने शेजारच्याला ढोसून म्हणे, 'अरे, माझ्यासाठी थांब ना!' बरोबरीने चालण्याचा धडा त्या दगडांवर मुले न सांगता शिकत. 'मुस्तफा'मध्ये तर तिघांना एकत्र खेळता येई. शिवाय मागे उभे राहून सूचना देणारे पाच-सहा उस्ताद असत, ते वेगळेच.

तिसरा गुण मला सर्वांत मोठा वाटतो. तो खेळ संपत असे. नाणे संपले, की खेळ संपला. टी.व्ही.वर बातम्या लावायची वेळ झाली, की डबा काढून ठेवावा लागे. लोडशेडिंग सुरू झाले, की मारिओ जिथे असेल तिथेच नाहीसा होई, आणि बहुतेक खेळांत जिथवर पोचलो ती जागा राखून ठेवण्याची सोयही नसे. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! मुले कुरकुरत उठत आणि बाहेर पळत. खेळाला कुंपण होते, आणि ते कुंपण मुलांनी घातलेले नव्हते. गरिबीने, विजेने आणि घरच्यांच्या आवाजाने ते घातले होते.

इथे मात्र थांबून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर मीही आपल्याच बोरांचा गोडवा गाणारा ठरेन.

जुने खेळ काही साधेभोळे नव्हते. पार्लरमधले यंत्र मालकाला नाणी मिळवून देण्यासाठीच बनलेले होते. तुम्ही फार वेळ टिकलात, तर त्याचा तोटा. म्हणून खेळ मुद्दाम अवघड असे. तुम्ही मेलात, की पडद्यावर दहा, नऊ, आठ असे उलटे आकडे सुरू होत. म्हणजे शून्य येण्याआधी दुसरे नाणे टाका आणि पुढे खेळा! त्या दहा सेकंदांत किती मुलांनी एस.टी.चे भाडे गमावले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. वडीलधाऱ्यांची भीती उगाच नव्हती. काही ठिकाणी व्हिडिओ गेमच्या नावाखाली जुगाराची यंत्रेही चालत. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा दुकानांवर परवान्याचे बंधन घालण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाने १९९५ साली, कर्नाटकातून आलेल्या एका प्रकरणात, मान्य केला.

त्याहून मोठा दोष असा, की त्या जत्रेत मुली नव्हत्या. पार्लरमध्ये मुलीने पाऊल टाकणे कोणाला रुचत नसे. घरातल्या डब्याची बटणेही भाऊच धरून बसत. बहीण चहा आणून देई, दोन मिनिटे दारात उभी राहून पाही आणि परत जाई. आज 'ते दिवस किती सुंदर होते' असे जे म्हणतात, ते बहुधा पुरुष असतात. त्या दारात उभ्या राहिलेल्या आपांना विचारा, की ते दिवस त्यांना कसे आठवतात.

नव्या खेळांनी हे दार पुष्कळ उघडले आहे. मोबाईल घरात असतो. त्यामुळे पार्लरला जाऊ न शकणारी मुलगीही आता खेळू शकते. नव्या खेळांतील चित्रे आणि कथा पाहिल्या, तर थक्क व्हायला होते. आपल्याच पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. त्याची नायिका राजी ही एक मुलगी आहे आणि ती आपल्या हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते. पहाडी चित्रशैलीची छाप त्या खेळातल्या चित्रांवर दिसते. अशी नायिका आमच्या ९९९ खेळांच्या कॅसेटमध्ये नव्हती. चीनमधील हांगचौ येथे २०२३ साली झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत तर व्हिडिओ गेमच्या विजेत्यांनाही पदके मिळाली. ज्या छंदाला लोक 'वाया जाण्याचे लक्षण' म्हणत, त्यात आज चित्रकार, संगीतकार, लेखक आणि अभियंते पोट भरतात.

मग नव्या खेळांत खटकते ते काय? खटकते ते त्यांचे न संपणे.

जुने यंत्र तुमच्याकडून आधी नाणे घेई आणि मग खेळू देई. आजचा मोबाईलवरचा खेळ म्हणतो, 'पैसे नकोत, फुकट खेळा.' फुकट शब्द ऐकला, की शहाण्या माणसाने दोनदा विचार करावा. दुकानदार दुकान मांडून बसला आहे आणि पैसे घेत नाही, तर तो दुसरे काहीतरी घेत असला पाहिजे. इथे तो तुमचा वेळ घेतो. तुम्ही जितका जास्त वेळ थांबाल, तितक्या जाहिराती तुम्हांला दिसतील आणि आज ना उद्या तुम्ही काहीतरी विकत घ्याल. म्हणून सारी रचना तुम्हांला उठू न देण्याची असते. आज आलात, म्हणून बक्षीस. सलग सात दिवस आलात, तर मोठे बक्षीस. एक दिवस चुकलात, तर पुन्हा पहिल्यापासून मोजणी. अभ्यासाला बसलात, की फोन वाजतो : 'तुमचे मित्र खेळत आहेत, तुम्ही कुठे आहात?' एक हंगाम संपतो न संपतो, तोच दुसरा सुरू. शेवटचा टप्पा नावाची गोष्टच नाही. चढायला डोंगर आहे, पण त्याला माथा नाही.

पैशांचेही तसेच. जुने नाणे हातातून जाताना दिसे; मूठ रिकामी झालेली कळे. आता अब्बांच्या फोनमधून पैसे जातात आणि बोटाला काहीच जाणवत नाही. कुठे बंदुकीचा रंग, कुठे पात्राचे कपडे, कुठे बंद पेटी. पेटीत काय निघेल, ते पैसे दिल्यावरच कळणार! बेल्जियम देशाने २०१८ साली अशा बंद पेट्यांना जुगार ठरवले. आपल्या भागातील शेतमजुराची दिवसभराची मजुरी अशा दोन-चार पेट्यांत उडून जाऊ शकते, हे ज्याच्या घरी मजुरी येते त्याला समजावून सांगायला नको.

आणि विकत घेतलेले तरी आपले असते का? पब्जी मोबाईल हा खेळ आठवून पहा. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात आणि शेवटी एकच उरतो, असा तो खेळ. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने त्यावर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरपासून तो देशात चालेनासा झाला. मुलांनी पैसे देऊन जमवलेले सारे त्या दिवशी कुलपात गेले. पुढे २०२१ मध्ये तो नवे नाव घेऊन आला, २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि २०२३ मध्ये परत आला. बंदी योग्य की अयोग्य, हा वेगळा प्रश्न. मला एवढेच दाखवायचे आहे, की ज्या पेटीची किल्ली दुसऱ्याच्या हाती, ती पेटी आपली म्हणता येत नाही. माळ्यावर पडलेली एखादी जुनी कॅसेट मात्र आजही फुंकर मारली तर चालू शकते. ती कोणाची परवानगी मागत नाही.

न संपणाऱ्या खेळाचा त्रास आता जगाने ओळखला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने खेळावरचा ताबा सुटण्याला आजारांच्या यादीत जागा दिली आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. लक्षात घ्या, खेळणे हा आजार नव्हे. झोप, शाळा, जेवण, माणसे यांच्यापेक्षा खेळ मोठा झाला, नुकसान दिसत असूनही थांबता येईना आणि असे बराच काळ चालले, तर तो आजार. चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ऑनलाइन खेळण्यास दिला. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. हे सारे ठीक आहे. पण कायदा तुमच्या पांघरुणात येऊन फोन काढून घेणार नाही. रात्री अकरा वाजता अंगठा थांबवायचा की नाही, हे ठरवणारे तुम्ही एकटेच असता.

माझे मत असे आहे. जुने खेळ परत आणून काही साधणार नाही, आणि नव्या खेळांना शिव्या देऊनही काही साधणार नाही. जुन्या खेळाभोवती जे कुंपण परिस्थितीने घातले होते, ते आता आपले आपण घालायला शिकले पाहिजे. नाणे संपण्याची वाट पाहू नका. नाणे तुम्हीच मोजून घ्या. खेळायला बसण्याआधीच ठरवा, की दोन डाव किंवा अर्धा तास. खेळ तुम्हांला 'आणखी एक' म्हणेल, कारण ते त्याचे कामच आहे. नको म्हणणे हे तुमचे काम. खेळाच्या सूचना बंद करून ठेवा, म्हणजे खेळ तुम्हांला बोलावणार नाही, तुम्ही खेळाला बोलवाल. घरच्यांच्या फोनमधून एक रुपयासुद्धा त्यांना विचारल्याशिवाय खर्च करू नका. आठवड्यातून एकदा तरी शेजारी बसलेल्या माणसाबरोबर खेळा, मग तो खेळ मोबाईलवरचा असो की कॅरमचा. आणि घरात बहीण असेल, तर निम्मी पाळी तिची. तिला दारात उभे ठेवू नका.

कोणी म्हणेल, 'सर, थांबत थांबत खेळून कोणी मोठा खेळाडू होतो का?' याला उत्तर म्हणून एक हकीकत सांगतो. 'टेट्रिस' हा ठोकळे रचण्याचा खेळ अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली मॉस्कोत तयार केला. तो निन्टेन्डोच्या टी.व्ही. यंत्रावर १९८९ साली आला. ठोकळे वेगाने खाली येत राहतात आणि शेवटी माणूसच हरतो, असे सारे मानत. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील तेरा वर्षांचा एक मुलगा हा खेळ खेळत होता. सुमारे अडतीस मिनिटांनंतर तो अशा टप्प्यावर पोचला, की यंत्रच गोठून उभे राहिले. त्या टप्प्याच्या पुढे खेळच नव्हता! चौतीस वर्षांत प्रथमच एका माणसाने त्या खेळाचे टोक गाठले. तो मुलगा तुमच्याच वयाचा, आणि खेळ त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचा.

त्या मुलाला टोक गाठता आले, कारण त्या खेळाला टोक होते. आज तुमच्या हातातल्या बहुतेक खेळांना ते नाही. तेव्हा ते टोक तुम्हीच ठरवा. जो स्वतःच्या मर्जीने खेळ सुरू करतो आणि स्वतःच्या मर्जीने थांबवतो, त्याला मी खेळाडू म्हणेन. ज्याला थांबता येत नाही, त्याच्याशी खेळच खेळत असतो.

स्वाध्याय

१. 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' या खेळाला आपल्याकडे कोणते नाव पडले? का?

२. जुन्या खेळांचे तीन गुण आणि दोन दोष तुमच्या शब्दांत लिहा.

३. 'फुकट शब्द ऐकला, की शहाण्या माणसाने दोनदा विचार करावा.' असे लेखकाने का म्हटले आहे?

४. तुमच्या घरातील एका मोठ्या भावाला आणि एका मोठ्या बहिणीला लहानपणीच्या खेळांविषयी विचारा. दोघांच्या आठवणींत कोणता फरक दिसला, ते आठ-दहा ओळींत लिहा.

५. लेखकाचे कोणते मत तुम्हांला पटत नाही? का पटत नाही, ते सांगा.